इच्छाशक्तीच्या आधी

अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका शहरात माजी सैनिकांसाठी असलेल्या रुग्णालयात मी मानसशास्त्रज्ञ आहे. माझ्याकडे व्हिएतनाममध्ये लढलेले, सत्तरी ओलांडलेले आजोबा येतात, तशी इराक-अफगाणिस्तानातून परतलेली चाळिशीतली माणसंही येतात. बहुतेक पुरुष, काही बायका. युद्धाचा आघात आणि दारू अशी दोन्ही ओझी त्यांच्याबरोबर असतात. औषधं, समुपदेशन, गटाच्या बैठका हे सगळं चालू असताना उपचारांचा एक भाग संगणकावर होतो. लक्ष टिकवायचं, थोडा वेळ काही डोक्यात धरून ठेवायचं, निघालेला हात थांबवायचा, यांचा तो सराव असतो. तो भाग माझ्याकडे आहे.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. आमच्या भावकीत पलटणीत गेलेले बरेच. त्यामुळे ही माणसं मला कधी परकी वाटली नाहीत. या कामातून जे शिकले ते इथे लिहिते आहे, कारण आपल्याकडच्या फौजी घरांनाही त्याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

१. विसरणं म्हणजे टाळणं नव्हे

रुग्णांच्या फाइलींत एक शब्द वारंवार भेटतो: नॉन-कंप्लायंट, म्हणजे सांगितलेलं न करणारा. भेटीची वेळ चुकवली, घरी भरायची वही कोरी आणली, बैठकीतून मध्येच उठून गेला, की हा शिक्का बसतो. आपल्याकडे तेच ‘त्याची सोडायची इच्छाच नाही’ किंवा ‘मनावर घेतलं तर सुटते’ अशा शब्दांत म्हणतात. दोन्हीकडे गृहीत एकच. माणसाला करायचंच नाही.

इराकमध्ये हेलिकॉप्टरची देखभाल करणारे एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. यंत्राचा एकेक भाग, तो खोलायचा क्रम, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण ‘तल्लफ आली की काय करायचं’ याच्या चार पायऱ्या समुपदेशकाने सकाळी समजावल्या, तर दुपारी त्यातली एकही आठवत नसे. आकडे उलट क्रमाने म्हणण्याची एक साधी चाचणी असते. मी पाच आकडे सांगायचे, त्यांनी शेवटून सुरुवात करून म्हणायचे. तीन आकड्यांनंतर त्यांचा धागा सुटायचा आणि ते रागाने खिडकीकडे पाहत बसायचे. जुनं ज्ञान शाबूत होतं, पण आत्ता ऐकलेलं थोडा वेळ धरून त्यावर काम करण्याची ताकद गेली होती.

यात नवल नाही. वर्षानुवर्षं भरपूर दारू प्यायली की कपाळामागचा मेंदूचा भाग विशेष झिजतो, आणि बेत आखणं, मनात धरून ठेवणं, स्वतःला आवरणं ही कामं त्याच भागाची आहेत. त्यात रस्त्याकडेच्या बॉम्बच्या हादऱ्याने डोक्याला बसलेला मार, तुटक झोप आणि सतत चौफेर धोका शोधणारी नजर. या सगळ्यातून उरलेल्या लक्षावर आपण उपचार उभे करतो, आणि ते उपचार लक्षच मागतात. आघातावरच्या बोलण्याच्या उपचारांत माणसाला स्वतःचा एक विचार पकडायचा असतो, लिहायचा असतो, तो खरा की खोटा हे तपासायचं असतं. ज्याच्या हातून विचार दोन मिनिटांत निसटतो, त्याने हे कसं करावं?

म्हणून मी म्हणते, इच्छाशक्तीचा हिशेब मांडण्याआधी ती शक्ती वापरायला लागणारं यंत्र चालू आहे का ते बघा. संगणकावरच्या सरावाची जागा मला इथे दिसते.

२. आधी शरीर

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एका दिवसात स्वतःच्या मनाने तोडणं धोक्याचं असतं. आकडी येऊ शकते. शेवटच्या घोटानंतर साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप असा जीवघेणा वात होऊ शकतो. हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावा लागतो. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, द्यावं लागतं. त्याच्या अभावाने स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. त्या आजाराची लक्षणं वेर्निके आणि कोर्साकोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवली होती, थायमिनशी त्याचा संबंध मात्र नंतर कळला.

दुसरी गोष्ट सरावाच्या मोजमापाची. दारू सुटल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आपणहून बराच सावरतो. त्या काळात संगणकावरचे गुण वाढले तर श्रेय दारूविना गेलेल्या दिवसांना आधी द्यायला हवं. मी ते रुग्णालाही सांगते. त्याला ते आवडतं, कारण ते श्रेय त्याचं स्वतःचं असतं.

३. सराव कशाचा, हे स्वच्छ ठाऊक हवं

‘ब्रेन ट्रेनिंग’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. माझ्याकडे तीन प्रकार चालतात आणि तिन्हींवरचा माझा भरवसा सारखा नाही.

पहिला प्रकार कार्यरत स्मृतीचा. पडद्यावर चौकोन एकामागून एक उजळतात, ते क्रमाने किंवा उलट क्रमाने दाखवायचे. जमलं की मालिका लांबते, चुकलं की आखूड होते. स्वीडनमध्ये टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी अतिचंचल मुलांसाठी अशा सरावाचा अभ्यास केला आणि तिथून तो पसरला. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०११ साली जास्त पिणाऱ्या लोकांकडून घरच्या घरी अशी २५ सत्रं करून घेतली. त्यांचं पिणं कमी झालं आणि सराव संपल्यावरही महिनाभर कमी राहिलं. ज्यांच्या मनात दारूची ओढ आपोआप, विचाराआधीच उसळत होती, त्यांना जास्त फायदा झाला. इथवर छान. पण नंतर व्यसनमुक्ती केंद्रांतल्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला तेव्हा स्मृतीचे गुण वाढले, पिणं मात्र तसं हललं नाही. त्यामुळे हा सराव मी आधार म्हणून ठेवते, दारूवरचा इलाज म्हणून नाही.

दुसरा प्रकार जॉयस्टिकचा. पडद्यावर एक चित्र येतं. आडवं असेल तर दांडा पुढे ढकलायचा, उभं असेल तर स्वतःकडे ओढायचा. ढकललं की चित्र लहान होत दूर जातं, ओढलं की मोठं होत जवळ येतं. दारूची चित्रं जवळजवळ नेहमी ढकलायच्या आकारात येतात आणि पाणी, कॉफी, सरबताची चित्रं ओढायच्या. माणूस दारूविषयी काहीही विचार करत नसतो, आकार पाहून हात हलवत असतो. तरी शेकडो वेळा दारू दूर ढकलून हाताची जुनी सवय सैल होते. राइनाउट वीर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जर्मनीतल्या एका केंद्रातल्या २१४ रुग्णांवर हे करून पाहिलं. छोटी छोटी फक्त चार सत्रं. वर्षभरानंतर सराव न केलेल्यांपैकी ५९ टक्के पुन्हा पिऊ लागले होते, सराव केलेल्यांपैकी ४६ टक्के. मेलबर्नमध्ये दारू उतरवण्यासाठी दाखल झालेल्या ३०० जणांवरचा अभ्यास २०२१ साली आला. दोन आठवड्यांनंतर न पिता राहिलेले सराव करणाऱ्यांत सुमारे ५४ टक्के आणि इतरांत सुमारे ४३ टक्के निघाले. फरक थोडा आहे, पण इतक्या कमी खर्चात आणि कुठल्याही दुष्परिणामाशिवाय दहाजणांमागे एखादा जास्त माणूस तगत असेल, तर ते सोडून देणं मला मान्य नाही. मात्र चित्रं त्या माणसाच्या दारूची हवीत. आयुष्यभर बर्बन प्यायलेल्याला बिअरचे टिन ढकलायला लावून काही साधत नाही. आम्ही सुरुवातीलाच विचारून घेतो: कुठली दारू, कुठल्या ग्लासात, कुठे बसून.

तिसरा प्रकार लक्षाचा, आणि त्याची हकिकत मला सगळ्यांत मोलाची वाटते. पडद्यावर दोन चेहरे क्षणभर दिसतात, एक रागीट, एक शांत. ते नाहीसे होतात आणि त्यांतल्या एकाच्या जागी बाण उमटतो. बाणाची दिशा ओळखून कळ दाबायची. आघात झालेला माणूस धोक्याकडेच बघत राहतो, तर बाण कायम शांत चेहऱ्याच्या जागी दाखवून नजर तिकडे वळवावी, अशी मूळ कल्पना. इस्रायल आणि अमेरिकेतल्या, लढाईचा आघात घेऊन आलेल्या माजी सैनिकांवरचे प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला बाण दोन्ही जागी सारख्याच वेळा दाखवला होता. त्रास जास्त कमी झाला तो या दुसऱ्या गटाचा! मग उलगडा असा झाला की या माणसांची नजर धोक्याला फक्त चिकटत नाही. ती कधी चिकटते, कधी दचकून पळते, अशी हेलकावत राहते. रागीट चेहऱ्याचा हातातल्या कामाशी काही संबंध नाही, हे अनुभवाने पटत गेलं की हेलकावे कमी होतात. माझ्या रुग्णांना मी हे समजावते तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून ऐकतात. ‘धोक्याकडे बघू नकोस’ हे त्यांना सगळे सांगत आलेले असतात. ‘चेहरा असू दे, तू बाण बघ’ हे त्यांच्या जुन्या प्रशिक्षणाशी जुळतं.

४. भिंतीकडे पाठ, दाराकडे तोंड

सरावाची कुठलीही पुस्तिका खोलीबद्दल पुरेसं लिहीत नाही. दाराकडे पाठ करून बसलेला माजी सैनिक पडद्याकडे बघतच नाही. त्याचे कान दारात असतात. म्हणून आमच्या खोलीत सगळी टेबलं भिंतीलगत, दार दिसेल अशी आहेत, आणि त्यांच्यामागून कुणी ये-जा करत नाही.

आवाजाचंही तसंच. उत्तर चुकलं की भोंगा वाजवणारे कार्यक्रम असतात. त्या भोंग्याने एक बाई अशा दचकल्या की उरलेलं सत्र त्यांचे हात कापत होते. तेव्हापासून सगळे आवाज बंद. फडफडणारी ट्यूब तिथल्या तिथे बदलायची. चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, फटाके उडतात. तो आठवडा हलका ठेवायचा आणि त्या दिवसांतले गुण विचारातच घ्यायचे नाहीत. आपल्याकडे दिवाळीत हाच नियम लागेल.

चेहऱ्यांच्या चित्रांआधी परवानगी विचारायची. काहींना रागीट पुरुषी चेहरा झेपत नाही. सैन्यात असताना आपल्याच सहकाऱ्यांकडून अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर हे फारच जपावं लागतं. चेहऱ्यांऐवजी शब्द वापरता येतात. खोली सोडून जायचा हक्क प्रत्येकाला, कारण न सांगता. हा हक्क आहे हे कळलं की फार थोडे जातात.

५. गुण वाढले म्हणजे माणूस सावरला असं नाही

या बाबतीत मी फार कडक आहे. जानेवारी २०१६ मध्ये ‘लुमॉसिटी’ हे खेळ विकणाऱ्या कंपनीने अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरले. खेळांनी काय काय बरं होतं याचे जे दावे जाहिरातीत होते, त्यांना पुरेसा आधार नव्हता, असा आयोगाचा आरोप होता. त्या यादीत मेंदूला मार लागल्यानंतरचा त्रास होता आणि युद्धाघातानंतरचा मानसिक त्रासही होता. ज्या घरात आशा कमी उरली आहे तिथे असा दावा विकणं मला क्रूर वाटतं.

संशोधनातून वर्षानुवर्षं दिसत आलेलं असं: ज्याचा सराव करावा ते सुधारतं, त्याच्याशी मिळतंजुळतं थोडं सुधारतं, आणि दूरचं, म्हणजे घरातलं वागणं, नोकरी, नातं, आपोआप सुधारत नाही. एक तरुण पायदळातला. त्याची मालिका आमच्या खोलीत सगळ्यांत लांब जायची आणि त्याला त्याचा अभिमानही होता. पण रात्रीचं पिणं तसंच चालू होतं. त्याच्या पडद्यावरचा आणि घरातला माणूस अजून भेटले नव्हते.

ही भेट घडवावी लागते. म्हणून प्रत्येक सत्रानंतर मी पडदा बंद करून एकच प्रश्न विचारते: आज हे कुठे लागेल? उत्तर अगदी ठरावीक जागेचं हवं. दुकानात दारूच्या कपाटांची रांग येते तिथे पावलं कुठे वळवायची. गोळ्यांची डबी कुठल्या खणात ठेवायची. मुलाच्या शाळेचा निरोप ऐकल्या-ऐकल्या कुठे लिहायचा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम करणाऱ्याला जिना चढायलाही लावतात, तसं हे. त्या तरुणाने दुकानाची वाट बदलली, दारूची तल्लफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनची गोळी रोज घ्यायला लागला आणि गटात बोलायला लागला. गुण तेव्हा वाढलेले नव्हते. मी मात्र त्याच्या फाइलीत ‘सुधारणा’ असं तेव्हाच लिहिलं.

६. आघात आणि दारू एकाच वेळी

अमेरिकेत आघातानंतरच्या या त्रासाला अधिकृत निदानाची जागा १९८० मध्ये मिळाली, व्हिएतनामहून परतलेल्यांनी लावून धरल्यामुळे. त्या त्रासावर उपचार घेणाऱ्या व्हिएतनामच्या माजी सैनिकांपैकी ६० ते ८० टक्क्यांना दारूचीही समस्या असते. तरी बराच काळ त्यांना सांगितलं जायचं, आधी दारू सोडून या, मग आघाताचं बघू. ते परत येत नसत.

याचं कारण झोपेत आहे. दारूने डोळा लागतो आणि रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दबते. दारू सोडली की ती झोप उसळून परत येते, आणि तिच्याबरोबर युद्धाची दुःस्वप्नं. नेमकी पहिल्या आठवड्यांत. माणसाला वाटतं, न पिता मी जास्त बिघडलो. हे होणार, असं मी प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांना आधी सांगून ठेवते. त्या दिवसांत सराव अगदी थोडा, पण ठरल्या वेळी. आता इथल्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की व्यसन आहे म्हणून आघातावरचा उपचार अडवून ठेवू नये.

७. शेजारी कुणीतरी बसलं पाहिजे

घरी लॅपटॉप देऊन पाठवलेले सराव बहुधा अर्धवट राहतात. खोलीत, शेजारी माणूस असेल तर पूर्ण होतात. आमच्याकडे एक निवृत्त सार्जंट स्वयंसेवक म्हणून येतात. स्वतः बरीच वर्षं न पिता राहिलेले. ते शिकवत नाहीत, गुण बघत नाहीत. सत्र संपलं की कॉफी घ्यायला बरोबर जातात, बस्स. माझ्या हातातल्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा त्यांच्या येण्यावर माझा जास्त विश्वास आहे.

८. आपल्याकडे

सुट्टीत घरी आले की कुणी ना कुणी येऊन भेटतं. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत आमच्या जिल्ह्यात, घरटी एखादा तरी फौजी असलेली. जवान तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. मग कुठेतरी सुरक्षारक्षकाची नोकरी, रात्रीची एकटी पाळी, आणि कँटीनमधून सवलतीत मिळणारी रम. सियाचीन, काश्मीर, ईशान्येकडची वर्षं याबद्दल घरात कुणी विचारत नाही आणि तोही बोलत नाही. दारू दिसते, बाकीचं दिसत नाही.

गेल्या खेपेला माझ्या चुलत वहिनी मोबाइल घेऊन आल्या. जाहिरातीत दिसलेलं एक ॲप दादांसाठी, म्हणजे त्यांच्या फौजेतून निवृत्त झालेल्या नवऱ्यासाठी, विकत घ्यायचं होतं. ‘ताई, यानं डोकं पहिल्यासारखं होतं म्हणतात. घेऊ का?’ मी नको म्हटलं. ॲपआधी दादांना डॉक्टरांकडे न्यायचं, एकदम दारू तोडायला लावायची नाही. २००३ पासून चालू असलेल्या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं, कार्ड त्यांच्याकडे होतंच, ते कपाटातून बाहेर काढायचं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारायचं. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हेच काम करतं आहे, तिथे घरच्यांनाही बरोबर घेतात. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आणि सराव? तो संगणकाशिवायही सुरू होतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये डोक्याला मार लागलेल्यांकडून कागद-पेन्सिलीने असे सराव करून घेतले जातात. वहिनींना मी तीन सोपे दाखवले: आकडे उलटे म्हणणं, पत्ते रंगाप्रमाणे लावत असताना मध्येच आकड्यांप्रमाणे लावायला लागणं, आणि वर्तमानपत्रातल्या एका परिच्छेदातलं एकच अक्षर शोधून खोडणं. रोज सकाळी, चहानंतर, थोडाच वेळ. चुकलं तर बोलायचं नाही. आणि त्या वेळात वहिनींनी स्वयंपाकघरात जायचं नाही, समोर बसायचं. त्यांनी विचारलं, माझे आकडे चुकले तर? मी म्हटलं, दादांना सांगू दे बरोबर काय ते.